पब नको, परमिट रूम बोल!

शुक्रवार संध्याकाळ. सहा वाजले की शहरातल्या तमाम ऑफिसांत एकच प्रश्न फिरायला लागतो, 'आज सीन काय?' उत्तरही ठरलेलं. लोअर परळ! कुठल्यातरी मिलच्या कंपाउंडमधलं कुठलंतरी नवं ठिकाण. उघड्या विटांची भिंत, लटकणारे पिवळे बल्ब, मेन्यूकार्डवर उच्चारता न येणारी नावं आणि छातीत धडधडणारं म्युझिक. दोन तास एकमेकांच्या कानात ओरडायचं, बिल सहा जणांत भागायचं, कॅब बोलवायची आणि घरी. 'मजा आली यार' असा मेसेज टाकायचा. खरंच आली का, ते विचारायचं नाही!

त्यात ग्रुपमध्ये कुणी ऑनसाइटला इंग्लंडला जाऊन आलेलं असेल तर संपलंच. तिकडची गावातली पब्ज कशी, यावर अर्धा तास लेक्चर. बुटकं छप्पर, जुनं लाकूड, कोपऱ्यात शेकोटी. हातपंपाने तळघरातून ओढलेली, जेमतेम गार अशी लोकल एल. रविवारी भाजलेलं मटण आणि बटाटे. आजोबा पेपर वाचतायत, बाजूला सून बाळाला भरवतेय, टेबलाखाली कुत्रा झोपलाय. पब म्हणजे मुळात 'पब्लिक हाऊस', लोकांचं घर! 'आपल्याकडे असं काहीच नाही ना', असं म्हणून लेक्चर संपतं.

काहीच नाही? बॉस, ज्या मिल कंपाउंडमध्ये बसून तू हे बोलतोयस ना, तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. लालबागला आहे, परळला आहे, दादरला आहे, गिरगावात आहे. बाहेर निऑनचा बोर्ड, काळी काच, आत ट्यूबलाइट आणि पंखे. बोर्डावर इंग्रजीत हॉटेलचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत दोन शब्द... परमिट रूम.

रूम कसली आणि परमिट कशाचं?

जगात बाकी कुठे बारला 'परमिट रूम' म्हणत असतील असं वाटत नाही. हे नाव म्हणजे आपल्या दारूबंदीचा उरलेला शिक्का आहे.

मुंबईत दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला १ ऑगस्ट १९३९ रोजी. तेव्हाच्या काँग्रेस मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर त्यामागे होते. तो प्रयोग फार टिकला नाही. मग स्वातंत्र्यानंतर आला मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. मोरारजी देसाईंचा काळ. १९५० पासून अख्खं मुंबई राज्य कागदावर कोरडं झालं. प्यायचीच असेल तर परमिट काढा, आणि परमिट कशासाठी? तर प्रकृतीच्या रक्षणासाठी! म्हणजे डॉक्टरने लिहून द्यायचं, की या गृहस्थांच्या तब्येतीला दारूची गरज आहे. आज हसू येतं, पण तो कायदा आजही आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, एवढंच. कायद्याच्या भाषेत तुम्ही अजूनही 'पबिंग'ला जात नाही, तब्येत सांभाळायला जाता.

साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि बंधनं हळूहळू सैल होत गेली. परमिट सोपं झालं, आणि परमिटवाल्यांनी बसायचं कुठे, तर हॉटेलातल्या वेगळ्या खोलीत. बाकीच्या गिऱ्हाइकांना दिसू नये, रस्त्यावरून तर अजिबात दिसू नये. म्हणून पडदा, म्हणून काळी काच, म्हणून मागचं दार. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी नाक्यानाक्यावर लागली.

आता गंमत बघा. इंग्लंडमध्ये कायद्याने दारूच्या दुकानाला 'पब्लिक हाऊस' म्हटलं आणि ते गावाची बैठक झालं. आपल्याकडे कायद्याने त्याला 'रूम' म्हटलं आणि ते लपायची जागा झालं. नंतरचं सगळं या एका शब्दातून आलंय, असं मला वाटतं.

आंटीच्या घरचा बाकडा

पण दारूबंदीच्या वर्षांत मुंबईकर काय सरबत पीत बसले होते? छे! धोबीतलाव, गिरगाव, माहीम, वांद्रे इथल्या गल्ल्यांत 'आंटी' होत्या. बहुतेक गोवन किंवा ईस्ट इंडियन ख्रिश्चन बायका. घरातलीच पुढची खोली, एक बाकडं, दोन स्टुलं, भिंतीवर येशूची तसबीर. पलंगाखालून बाटली निघायची आणि सोबत उकडलेलं अंडं, चणे, कधी तळलेला मासा. आंटीच्या घरात शिवीगाळ चालायची नाही, जास्त झाली की आंटीच उठवून घरी पाठवायची. खरं म्हणजे शहराचं पहिलं लोकल पब हेच. चालवणारी बाई, आणि तेही बेकायदा!

या धंद्याची दुसरी बाजूही होती. धारावी-माटुंग्याकडे हातभट्टीच्या जिवावर वरदराजन मुदलियारसारखे दादा मोठे झाले. मुंबईच्या अंडरवर्ल्डला दारूबंदीने पहिलं भांडवल पुरवलं, ही गोष्ट शहराच्या इतिहासात नीट नोंदलेली आहे.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत आजही लाकडी जिन्यांची ईस्ट इंडियन घरं उभी आहेत. या समाजाचं स्वतःचं पेय आहे, खिमाड. दारूत दालचिनी, लवंग, वेलची वगैरे मसाले आणि साखर घालून गरम करतात. लग्नाच्या आदल्या रात्री छोट्या ग्लासांतून फिरतं. कुठल्याही बारमध्ये मिळणार नाही, आमंत्रणच लागतं. त्याच वाडीत 'अनंताश्रम' नावाची माशांची प्रसिद्ध खानावळ होती, ती बंद झाली. तिथे दारूचा थेंब नव्हता. गिरगावकरांचा हिशोब साफ होता, मासे एकीकडे, 'बसणं' दुसरीकडे.

लालबाग-परळने मात्र हे दोन्ही एका टेबलावर आणलं.

मामाबरोबर एक गुरुवार

या लेखासाठी मी मामाला फोन केला. मामा लालबागच्या चाळीत राहतो. मूळ कुडाळकडचा. १९७५ साली बदली कामगार म्हणून मिलमध्ये लागला, साचेखात्यात. आता सत्तरीचा आहे. 'मामा, तुझ्या जुन्या परमिट रूममध्ये घेऊन चल', म्हटल्यावर पलीकडे आधी शांतता. मग, 'काय गो बाय, नोकरी सुटली काय तुझी?'

भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर भेटलो. चिवडा गल्ली ओलांडून, मसाल्याच्या दुकानांसमोरून शिंका देत पुढे गेलो. जागेचं नाव मुद्दाम देत नाहीये. मालकाने तशी विनंती केली, आणि अशी दहा ठिकाणं या पट्ट्यात तुम्हाला स्वतःच सापडतील.

पडदा बाजूला केला आणि आत गेलो. खाली बारा टेबलं, वर लाकडी जिन्याने चढून एसी सेक्शन, म्हणजेच 'फॅमिली'. मला बघितल्याबरोबर वेटरने अदबीने जिन्याकडे हात केला. 'मॅडम, वरती.' मामा म्हणाला, 'हयसर बसतलंव. पंख्याखाली.' वेटरने खांदे उडवले आणि टेबल पुसलं. चार माना वळल्या, दोन मिनिटांत परत आपापल्या ग्लासांकडे गेल्या. बस, एवढंच. जेवढा बाऊ करून आपण जातो, तेवढं काही होत नाही. निदान त्या दिवशी तरी झालं नाही.

न मागता टेबलावर आलं ते बघा. शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, तळलेली चणाडाळ. मी बिअर सांगितली. मामाने सोडा सांगितला, त्यात लिंबू आणि मीठ. मला वाटलं, भाचीसमोर लाजतोय. 'अरे घे की मामा, मी मामीला नाही सांगणार.'

'मी १९८३ पासून घेत नाय', मामा म्हणाला. 'हयसर येतंय. बसतंय. सोडा घेतंय.'

गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, हे आपण पुस्तकात वाचलंय. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, साठावर गिरण्या. मामाच्या तोंडून ते असं येतं : संपात पगार बंद, पण देशीच्या दुकानात उधारी चालू. सकाळी घरात बसवेना म्हणून माणसं नाक्यावर येत, आणि नाक्यावर दुकान. साच्यावर मामाच्या शेजारी जो जोडीदार उभा राहायचा, तो त्या उधारीवर प्यायला लागला. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि त्याचं पिणंही थांबलं नाही. पावसाळ्यात गेला. तिशीही ओलांडली नव्हती. मामाने त्याच गणपतीत सोडली.

'मग इथे येतोस कशाला?' मी विचारलं.

मामाने टेबलांकडे बघितलं. एका टेबलावर बँकेतून रिटायर झालेले दोघं क्रॉसवर्ड सोडवत होते. दुसऱ्यावर फुलबाजारातला एक जण आपल्या मुलाच्या दहावीच्या मार्कांचं कौतुक वेटरला सांगत होता. 'मिल गेली. युनियनचं ऑफिस गेलं. भजनी मंडळाचे निम्मे लोक विरार-बदलापूरला गेले. आता लालबागला आले की सगळे बसणार कुठे? चहावाला अर्ध्या तासात उठवतो. हा अण्णा उठवत नाय.'

इंग्रजी गावातल्या पबचं याहून नेमकं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

चखणा नव्हे, जेवण!

आता मुद्द्याची गोष्ट. खायचं काय? मुंबईच्या परमिट रूमचा मेन्यू ही एक स्वतंत्र चीज आहे. मालक बहुतेक वेळा उडुपी-मंगळूरकडचा शेट्टी, गिऱ्हाईक मालवणी, स्वयंपाकी कुठलाही. त्यामुळे एकाच पानावर मालवणी मासे, मंगळुरी गस्सी, पंजाबी ग्रेव्ही आणि चायनीज सुखाने नांदतात. नवख्याने चिकन चिलीवर बोट ठेवायचं आणि जाणत्याने पान उलटायचं.

आम्ही सुरुवात केली मांदेलीने. बोटाएवढी, रवा लावून कडक तळलेली. काट्यासकट, डोक्यासकट तोंडात टाकायची. बिअरबरोबर याच्यापुढे फ्रेंच फ्राइज म्हणजे शुद्ध अन्याय. मग बोंबील. चांगला बोंबील ओळखायची खूण मामाने सांगितली. ओला बोंबील पाण्याने भरलेला असतो. तो चिरून, उघडून, वजनाखाली दाबून पाणी काढलं तरच तळल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो. घाईच्या हॉटेलात तो तेलात लोळतो आणि रव्याचं कवच सुटून येतं. इथला सुटला नाही. मग तिसऱ्या सुक्या, भरपूर ओल्या खोबऱ्यात. बांगडा तिरफळ घातलेल्या आमटीत. शेवटी भात आणि सोलकढी. तीही अशी, की कोकमाची आंबटाई आधी लागते आणि नारळाचा गोडवा नंतर.

जिगर असेल तर वजडी मागा, म्हणजे बकऱ्याची आतडी, मसाल्यात सुकी केलेली. कलेजी पेठा मागा. गिरणीत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला कमी पैशात ताकद देणारं हे जेवण. एके काळी ते घराघरांतल्या खानावळींत शिजायचं. गिरणगावातल्या शेकडो बायका कामगारांचे डबे करून संसार चालवायच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या खानावळींतली चव आज टिकून आहे ती थोडीफार या परमिट रूम्सच्या मालवणी पानावर.

दोघांचं बिल पंधराशेच्या आत आलं. पलीकडच्या मिल कंपाउंडमध्ये तेवढ्यात दोन क्राफ्ट बिअर आणि वर सर्व्हिस चार्ज!

आणि आपली 'लोकल एल'?

इथे थोडं ज्ञान देते, पार्टीत कामाला येईल. बिअरचे ढोबळ दोन प्रकार. एल आणि लागर. एलचं यीस्ट उबदार हवेत, वरच्या थरात पटापट काम करतं, म्हणून चव फळांची, भरीव. लागरचं यीस्ट थंडीत, तळाशी, सावकाश, म्हणून ती हलकी आणि स्वच्छ. परमिट रूममध्ये बाटलीतून येते ती जवळपास नेहमीच लागर, आणि बर्फासारखी गार. आपल्या हवेत हेच शहाणपणाचं आहे.

एल हवी असेल तर मिल कंपाउंडच गाठायला हवं. २०१३ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'द बार्किंग डिअर'ने मुंबईतलं पहिलं ब्रूपब सुरू केलं. त्याच सुमारास गेटवे ब्रुइंगने चक्क डोंबिवलीच्या एमआयडीसीत बिअर बनवून शहरातल्या बारना पिंपांतून पुरवायला सुरुवात केली. त्याआधी २००९ मध्ये पुण्यात 'डुलाली' आली होती. ही डुलाली कोण माहितेय? आपली नाशिकजवळची देवळाली! मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या कॅम्पात महिनोन् महिने पडून राहायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायचे 'डुलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजीत आजही वेड लागलेल्याला 'डुलाली' म्हणतात. आणि इंडिया पेल एल तर नावापासूनच आपली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून जहाजांत भरून इकडच्या गोऱ्या साहेबांसाठी फिकट, कडवट बिअर यायची, तिचीच ही नातवंडं.

पण खरं 'लोकल' विचाराल तर ते बिअर नाहीच. ते माडाची माडी आणि ताडाची ताडी. दादर-माहीमला नारळाच्या वाड्या होत्या आणि भंडारी समाज त्या झाडांवर चढून रस काढायचा. १८७८च्या अबकारी कायद्याने झाडांवरचे कर चढले, घरच्या भट्ट्या बंद पडत गेल्या आणि दारू गाळणं कंत्राटदारांच्या मोठ्या कारखान्यांकडे गेलं. दारूबंदीच्या कितीतरी आधी आपली लोकल दारू सरकारी तिजोरीसाठी मारली गेली होती. आज 'देशी' म्हणून जी संत्रा-नारंगीच्या वासाची बाटली मिळते, ती साखर कारखान्याच्या मळीपासून बनलेल्या अल्कोहोलची. तिच्यात संत्रंही नाही आणि देशही फारसा नाही.

गोव्याने काय केलं बघा. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळवून दिला आणि २०१६ मध्ये तिला राज्याचा वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारने मोहाच्या आणि काजूच्या दारूवरचा 'देशी' हा शिक्का काढायचं ठरवलं. आणि कुठला दिला? 'विदेशी'! आपल्या जंगलातल्या मोहाला इज्जत मिळवायला विदेशी व्हावं लागतं, याहून मोठा जोक कुठल्याच स्टँडअपवाल्याला सुचणार नाही.

मामी काय म्हणाली

परमिट रूममधून आम्ही चाळीत गेलो. रस्ता ओलांडला की चाळ. मामीच्या खिडकीतून तो निऑन बोर्ड दिसतो. मी उत्साहात बोंबलाचं कौतुक केलं. मामी भाजी निवडत ऐकत होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं समोर राहून ती एकदाही त्या पडद्याच्या आत गेलेली नाही.

'पगाराच्या दिवशी आम्ही बायका मिलच्या गेटवर जाऊन उभ्या राहायचो', ती म्हणाली. 'गेटवरच पाकीट हातात घ्यायचं. गेट चुकलं तर मग त्या दारासमोर उभं राहायचं. आत जायचं नाही. बाहेर. कुणाचा तरी पोरगा आत पाठवायचा, बापाला बोलवायला. आता तू आत जाऊन मासे खाऊन आलीस. चांगलं आहे. पण मला त्या दाराचं बाहेरूनच सगळं माहिताय.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि 'ओल्ड वर्ल्ड चार्म' वगैरे शब्द तर मी गिळूनच टाकले. महाराष्ट्रात गावोगावच्या, वॉर्डावॉर्डातल्या बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडलीत. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळालं की दुकान बंद. त्या बायका मजा बघवत नाही म्हणून मत देत नाहीत. त्या मामीच्या जागी उभ्या राहून मत देतात.

आणि तरीही बंदी हे उत्तर नाही, हेही याच शहराने पाहिलंय. २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून जास्त. सगळी गरीब वस्तीतली. परवाना असलेलं, नोंद होणारं, उजेडातलं दुकान जिथे परवडत नाही तिथे फुग्यातली दारू पोचते.

म्हणून मला वाटतं, चूक दारूइतकीच पडद्याची आहे. जिथे सून, सासरा, नातू एका टेबलावर बसतात, तिथे तिसऱ्या पेगनंतर चौथा मागताना माणूस जरा विचार करतो. आंटीच्या बाकड्यावर करायचा तसा. जिथे फक्त पुरुष, अंधारात, पाठ दाराकडे करून बसतात, तिथे कोण कुणाला थांबवणार? आपल्या पबला आपणच रूम करून ठेवलं आणि मग आत जे झालं त्याचं खापर बाटलीवर फोडलं.

उद्या असेल ना?

हा पडदा कधी बाजूला होईल तेव्हा होवो, त्याआधी रूमच गायब व्हायची चिन्हं आहेत. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना फी १५ टक्क्यांनी वाढली आणि जूनमध्ये देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून थेट साडेचारपटीवर गेलं. १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, विदेशीसाठी २०५ रुपये ठरली. मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची नवी पायरी आली, १४८ रुपयांची. १४ जुलै २०२५ला 'आहार' या हॉटेलमालकांच्या संघटनेच्या हाकेवर राज्यातल्या परमिट रूम्सनी एक दिवस शटर खाली ठेवलं.

मोठ्या ठिकाणांना हे झेपतं. कॉकटेलच्या किमतीत शंभर रुपये वाढले तर आपण कुरकुरतो आणि देतो. बारा टेबलांच्या मालकाचं गिऱ्हाईक मात्र शंभर रुपये वाढले की एक दिवसाआड यायला लागतं, मग घरीच बाटली नेतं. त्यात डोक्यावर रिडेव्हलपमेंट. खालच्या मजल्यावरच्या जुन्या भाड्याच्या गाळ्यात चाललेलं हॉटेल नव्या टॉवरच्या पोडियममध्ये परत उघडेल, याची खात्री त्या मालकालाही नाही. 'मुलगा बेंगळुरूला आयटीत आहे. तो कशाला बसेल गल्ल्यावर?' असं त्यांनी हसत हसत सांगितलं.

मिल कंपाउंडमधला झगमगाट त्याची जागा घेईल म्हणाल, तर २९ डिसेंबर २०१७ची रात्र आठवा. कमला मिलमधल्या रूफटॉप पबला आग लागली आणि १४ जण गेले, बहुतेक आपल्याच वयाचे. त्या जागेत कधी काळी भोंगा वाजायचा, सुरक्षेचे नियम होते, कामगार एकमेकांना नावाने ओळखायचे. नवं आणि महाग म्हणजे आपोआप सुरक्षित, असं काही नसतं.

मी मामीला विचारलंय. एखाद्या रविवारी दुपारी, एसीत नाही, खाली पंख्याखाली, चौघांनी बसायचं. बोंबील, आमटी-भात, सोलकढी. तिने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. 'बोंबलाला रवा लावतात का तांदळाचं पीठ?' एवढंच विचारलं.

जायचंय? मग हे वाचा

परमिट : एका दिवसाचं परमिट विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. आयुष्यभराचं १००० रुपये. एकदाच काढून टाका. वय हार्ड ड्रिंक्ससाठी २५ पूर्ण, वाइन आणि माइल्ड बिअरसाठी २१.

कधी : दुपारी दीड ते तीन किंवा संध्याकाळी सातच्या आधी. त्यानंतर आवाज आणि गर्दी दोन्ही वाढतात. गांधी जयंती, अनंत चतुर्दशी असे ड्राय डे आधी बघून निघा, लालबागला तर नक्कीच.

मासे : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा 'फ्रेश सुरमई' लिहिलेलं दिसलं तर हसा आणि सुकटीची चटणी, सोडे किंवा मटण मागा. ऑगस्टपासून पुन्हा माशांवर या.

कसं : लालबागसाठी करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशन, मग पायी. गाडी आणू नका. एक तर पार्किंग नाही, आणि प्यायल्यावर चालवायचीही नाही.

मुलींनो : वेटर जिन्याकडे हात दाखवेल. वर जायचं की खाली बसायचं ते तुम्ही ठरवा. पहिल्या खेपेला दोघी-तिघी मिळून जा आणि जेवण मागवा. दुसऱ्या खेपेला तो न विचारता टेबल पुसेल.

टिप : सढळ हाताने द्या. दोन तास बसूनही तुम्हाला कुणी उठवलेलं नसतं!